कॅडॅव्हरला नाव लागण्याआधी: पुण्याच्या झेडटीसीसीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र (झेडटीसीसी), पुणे

स.न.वि.वि.

मी पुण्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. १७ वर्षं झाली. पहिली सहा वर्षं एका मोठ्या खासगी रुग्णालयात काढली, नंतरची एका ट्रस्टच्या केंद्रात, जिथे बहुतेक पेशंट जनआरोग्य योजनेवर येतात. दोन्हीकडे मशीन सारखंच, चार तासही सारखेच, सुया टोचताना पेशंट तोंड फिरवतो तेही सारखंच. फरक मला एकाच गोष्टीत जाणवला. पहिल्या ठिकाणी नवा पेशंट आला की महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी विचारायचंच, "कॅडॅव्हरला नाव टाकलं का?" आताच्या ठिकाणी तीन-तीन वर्षं टोचून घेणाऱ्या माणसाला कॅडॅव्हर म्हणजे काय ते माहीत नसतं. एका आजींना वाटायचं, ते एखाद्या महागड्या इंजेक्शनचं नाव आहे.

कॅडॅव्हर म्हणजे मेंदूमृत व्यक्तीकडून मिळणारी किडनी. ती मिळण्यासाठी जी यादी असते, ती तुम्ही सांभाळता. यादी फिरवली जाते, ओळखीपाळखीनं नंबर पुढे-मागे होतात, अशी कुजबुज दवाखान्यांच्या कँटीनमध्ये चालते. मी त्यातली नाही. मध्यरात्री तुमच्या समन्वयकांचे फोन कसे चालतात, एका अवयवासाठी किती धावपळ होते, हे मी जवळून पाहिलंय. माझं म्हणणं यादीच्या आतल्या क्रमाबद्दल फारसं नाहीच. यादीच्या दारापर्यंत कोण पोचतं आणि कोण पोचत नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

राष्ट्रीय संस्थेनं, म्हणजे नोट्टोनं, किडनीच्या वाटपासाठी गुणांची पद्धत सांगितलेली आहे. डायलिसिसच्या दर महिन्याला एक गुण. हातातल्या फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीच्या, सगळ्या जागा संपल्या असतील तर दोन. लहान मुलांना वयाप्रमाणे जास्तीचे. पूर्वी कुणाला तरी आपली किडनी देऊन बसलेला माणूस स्वतःच आजारी पडला, तर त्याला पाच. मला हे निकष आवडतात. कुणीतरी डायलिसिसच्या खोलीत आठवडाभर बसून लिहिल्यासारखे वाटतात. दर महिन्याला एक गुण याचा अर्थ, घड्याळ पहिल्या सुईपासून चालू होतं. नोंदणी कधी केली याला त्या मानानं महत्त्व नाही. कागदावर हे अगदी न्यायाचं आहे.

आता इंदापूरकडच्या एका काकांची गोष्ट सांगते. आठवड्यातून तीनदा पहाटेची एसटी, स्वारगेटला उतरून पीएमपी, साडेदहाच्या शिफ्टला हजर. पाणी मोजून पिणारा माणूस, वजन कधी दोन किलोच्या वर वाढवून आणायचे नाहीत. चार वर्षं झाल्यावर त्यांच्या मुलानं मला हळूच विचारलं, "ताई, मेलेल्या माणसाची किडनी बसवतात म्हणे, ते आपल्यासारख्याला जमतं का?" चार वर्षांत हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, हेही इथे लिहिलं पाहिजे. पेशंट येतो, वजन करतो, मशीनला लागतो, उठतो, जातो. एका शिफ्टला दहा मशीन आणि आम्ही दोघंजण. आपण यंत्र सांभाळतो, बाकीचं डॉक्टर बघतील, असंच मी धरून चालले होते.

मग आम्ही काकांची नोंदणी करायला निघालो. तिथे पहिल्या डायलिसिसचा पुरावा मागितला. त्यांचं पहिलं डायलिसिस तालुक्याजवळच्या एका छोट्या दवाखान्यात, मानेत कॅथेटर घालून झालं होतं. नंतर काही महिने बारामतीत, मग दुसरीकडे, मग आमच्याकडे. कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावसात घर गळलं तेव्हा आधीच्या पिशवीतले भिजून गेले आणि उरले ते शेवटच्या दोन वर्षांचे. नोंदणी करणाऱ्या रुग्णालयानं तेवढेच महिने धरले. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, ते कागदावर चालतात. पण काकांचे २४ महिने गेले. राष्ट्रीय निकषांच्या भाषेत २४ गुण. फिस्टुलाच्या सगळ्या जागा संपल्या तरी दोनच मिळतात, हे लक्षात घ्या, म्हणजे २४ किती मोठे ते कळेल.

कोथरूडमधल्या निवृत्त अधिकाऱ्याची फाइल अशी भिजत नाही. त्याच्या सुनेनं पहिल्या दिवसापासूनचे रिपोर्ट मोबाइलमध्ये ठेवलेले असतात. यात त्या सुनेचा काय दोष? पण गुण मोजायची फूटपट्टी सगळ्यांना सारखी असली, तरी ती लावायला लागणारा कागद सगळ्यांकडे सारखा नसतो.

गंमत म्हणजे हा कागद सरकारकडे आहे. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत ज्याचं डायलिसिस होतं, त्याची मंजुरी आणि तारखा योजनेच्या संगणकात असतात. नसत्या तर केंद्रांना पैसेच मिळाले नसते. म्हणजे बिल काढायला जी नोंद चालते, ती पेशंटचे महिने मोजायला का चालू नये? योजनेच्या कार्यालयाकडून तारखांचा एक उतारा मागवायचा, एवढंच काम आहे. केंद्राच्या रजिस्टरची सही-शिक्क्याची नक्कलही धरावी. पेशंटनं कागद शोधत हिंडण्याऐवजी तुमच्या आणि योजनेच्या कार्यालयांनी एकमेकांशी बोलावं.

दुसरं मागणं याहून मोठं आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. तीन महिने सलग डायलिसिस झालेल्या प्रत्येक पेशंटच्या फाइलमध्ये एक पान असावं. नाव यादीत घातलं, किंवा पेशंटला सगळं समजावूनही तो नको म्हणाला आणि त्याची सही आहे, किंवा वैद्यकीय कारणानं बसत नाही आणि ते कारण हे आहे. या तिन्हींपैकी एक तरी लिहिल्याशिवाय पान कोरं सोडता येऊ नये. आज कोरं सोडता येतं, म्हणून ते कोरंच राहतं. प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांवर तुमचं लक्ष असतं, पण पुणे जिल्ह्यात, सोलापुरात, साताऱ्यात, सांगली-कोल्हापुरात जी नुसती डायलिसिसची केंद्रं आहेत, ती या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेरच उभी आहेत. आणि गरीब पेशंट तिथेच आहे.

नाव घालायचं म्हणजे नुसता फॉर्म भरायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. हृदयाची तपासणी, टूडी एको, विषाणूंच्या तपासण्या, पेशींची जुळणी बघणारं एचएलए टायपिंग, दाताच्या डॉक्टरांचा दाखला. काही तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, नाहीतर नाव 'इनॅक्टिव्ह' होतं. आमच्याकडच्या एका बाईंचं नाव असं आठ महिने इनॅक्टिव्ह होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्या देवाला नवस बोलून बसल्या होत्या. ससूनमध्ये महिन्यातून एक दिवस या सगळ्या तपासण्या एका छताखाली, योजनेतून झाल्या, तर शंभर हेलपाटे वाचतील. नाव चालू आहे की बंद पडलंय, हे पेशंटला स्वतःच्या मोबाइलवर बघता यायला हवं, मराठीत. गॅस सिलिंडर कुठपर्यंत आला ते कळतं, मग हे का नाही?

एक बारीक गोष्ट डॉक्टरांना माहीत असते, बाहेर कुणी बोलत नाही. डायलिसिसच्या पेशंटचं हिमोग्लोबिन टिकवायला इंजेक्शनं लागतात. ज्याला ती नियमित परवडत नाहीत, त्याला शेवटी रक्ताची पिशवी चढवावी लागते. पिशवी चढली की शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होण्याची शक्यता वाढते, आणि पुढे कधी किडनीचा योग आलाच तर क्रॉसमॅच, म्हणजे दात्याशी रक्त जुळतं का ती तपासणी, पॉझिटिव्ह (म्हणजे न जुळणारी) येऊन माणूस हात हलवत परत जातो. आज न मिळालेलं इंजेक्शन पाच वर्षांनी असं आडवं येतं. निकषांत अशा पेशंटला काही जादा गुण आहेत, ते बरंच आहे. पण क्रॉसमॅच जुळलीच नाही तर ते गुण घेऊन करायचं काय?

आता एका अवघड विषयाकडे येते. दाता ज्या प्रत्यारोपण रुग्णालयात असतो, त्याची एक किडनी त्याच रुग्णालयाच्या यादीतल्या पेशंटला आणि दुसरी शहराच्या सामाईक यादीला, असा आपल्याकडचा नियम आहे. यामागचं कारण मला कळतं. मेंदूमृत रुग्ण ओळखायचा, चार डॉक्टरांच्या मंडळानं सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासण्या करायच्या, तोवर त्याचा रक्तदाब सांभाळायचा, हंबरडा फोडणाऱ्या नातेवाइकांशी बोलायचं. हे सगळं करणाऱ्या रुग्णालयाला काहीच मिळणार नसेल, तर ते कशाला करेल? पण परिणाम बघा. पेशंटला एका वेळी एकाच रुग्णालयात नाव नोंदवता येतं. ज्या रुग्णालयाचा अपघात विभाग मोठा, मेंदूविकाराचा आयसीयू मोठा, तिथे दाते जास्त, म्हणून तिथल्या यादीत किडनी लवकर येण्याची शक्यता जास्त. अशी रुग्णालयं पुण्यात बहुतेक खासगी आणि महागडी आहेत. म्हणजे रांग एक आहे असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात दारं वेगवेगळी, आणि कुठल्या दारात उभं राहायचं ते अनामत रक्कम ठरवते.

हा नियम उद्याच्या उद्या मोडा असं मी म्हणत नाही. त्यानं दाते कमी झाले तर सगळ्यांचंच नुकसान. पण दरवर्षी एक आकडेवारी लोकांसमोर ठेवा: किती किडन्या रुग्णालयाच्या स्वतःच्या यादीत गेल्या आणि किती सामाईक यादीत, दोन्हीकडच्या पेशंटनं सरासरी किती महिने वाट पाहिली, त्यातले किती योजनेवरचे, किती स्त्रिया, किती जिल्ह्याबाहेरचे. एवढं डोळ्यांसमोर आलं की नियमाचं काय करायचं ते आपोआप बोललं जाईल. रुग्णालयाच्या कष्टांची भरपाई दुसऱ्या कुठल्या मार्गानं करता येते का, तेही मग बघता येईल.

फोन येतो त्या रात्रीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या एका पेशंटला, दौंडकडच्या, विसर्जनाच्या रात्री फोन आला. एका किडनीसाठी दोन-तीन पेशंटना बोलावतात, पहिल्याची क्रॉसमॅच जुळली नाही तर दुसरा तयार हवा म्हणून. हा दुसरा होता. हाताला लागेल ती गाडी करून निघाला, मध्यवर्ती रस्ते बंद, ढोल-ताशांच्या गर्दीतून त्याचा भाऊ त्याला स्कूटरवरून फिरवत फिरवत घेऊन गेला. पोचला तेव्हा पहिल्या पेशंटची क्रॉसमॅच जुळलेली होती. पहाटे तसाच परत, आणि सकाळी आमच्या मशीनला. मला म्हणाला, "ताई, गणपती तर बघून झाला." अवयवासाठी ग्रीन कॉरिडॉर होतो, पोलीस चौकाचौकांत उभे राहतात, आणि ते कौतुकाचंच आहे. ज्याच्या पोटात तो अवयव बसायचा, तो मात्र स्वतःच्या भाड्यानं येतो. काढलेली किडनी साधारण दिवसभर थंड ठेवता येते, पण जितक्या लवकर बसेल तितकी चांगली. म्हणून जवळ राहणारा आणि गाडी असणारा नकळत पुढे सरकतो. योजनेवरच्या पेशंटला बोलावणं आलं की १०८ची गाडी जावी, आणि राखीव म्हणून बोलावून परत पाठवलेल्याचा प्रवासखर्च द्यावा. रक्कम किरकोळ आहे हो.

आणि पैसे. जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३च्या शासन निर्णयानं अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. ही मोठीच गोष्ट झाली. धर्मादाय रुग्णालयांमध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ककप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तरीही मी एका बहिणीला, भावाचं नाव घालायला गेली असताना, शहरातल्या एका रुग्णालयाच्या काउंटरवर "फंड संपलाय, पुढच्या महिन्यात विचारा" हे उत्तर मिळताना ऐकलंय. पुढच्या महिन्यात कोणाला फोन येईल हे त्या काउंटरला कसं ठाऊक? नाव घालतानाच त्या पेशंटचा खर्च कोणत्या योजनेतून भागणार ते लेखी ठरलं पाहिजे, मध्यरात्री दोन वाजता नव्हे. प्रत्यारोपणानंतर शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून जन्मभर चालणाऱ्या टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेटच्या गोळ्यांचाही हिशेब तेव्हाच व्हावा. गोळ्या परवडणार नाहीत म्हणून डॉक्टरच नाव सुचवत नाहीत, असंही होतं. ते वाईट हेतूनं करत नाहीत. पण निर्णय पेशंटच्या वतीनं होतो आणि पेशंटला कळतही नाही.

बायकांचं काय सांगू. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची आणि ६,९४५ स्त्रियांची होती, असे नोट्टोचेच आकडे आहेत. मला ते वाचून धक्का बसला नाही. नवरा मशीनवर असला की बायको तपासणीला तयार होऊनच येते, कधी कधी माहेरची माणसं आड येतात, पण ती ऐकत नाही. बायको मशीनवर असली की घरात एक शांतता असते. "बघू", "मुलांचं कोण करणार", "तिचं तसं बरं चाललंय". म्हणून स्त्रियांना मेंदूमृत दात्याच्या किडनीचाच काय तो आधार. नोट्टोनं ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतल्या स्त्रियांना जादा गुण द्यावेत असं सुचवलं, त्याचं मी मनापासून स्वागत करते. पण येरवड्याची शिलाईकाम करणारी आमची ताई यादीतच नसेल तर तिचे जादा गुण मांडायचे कुठे? पुन्हा ते कोरं पान.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि अधिवासाची अट काढली, नोंदणीचं शुल्क घेऊ नका असं राज्यांना सांगितलं. वयाचं आणि शुल्काचं पटलं. अधिवासाबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे झुकतं. देश एक आहे, पेशंट कुठलाही असो, खरंच आहे. पण दुसऱ्या राज्यात जाऊन खोली भाड्यानं घेऊन वाट बघणं इंदापूरच्या काकांना जमणार नाही, दुसऱ्याला जमेल.

परदेशाचं उदाहरण द्यायला मला फारसं आवडत नाही, पण एक देते. अमेरिकेत डिसेंबर २०१४ पासून वाट पाहण्याचा काळ नोंदणीच्या तारखेपासून न मोजता डायलिसिस सुरू झाल्यापासून मोजायला लागले, म्हणजे उशिरा नोंदणी झालेल्याचे आधीचे महिने परत मिळाले. तिथे किडनीचं काम मोजण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांची किडनी होती त्यापेक्षा बरी दिसायची आणि ते यादीत उशिरा यायचे. ही चूक आहे असं ठरल्यावर जानेवारी २०२३ पासून रुग्णालयांना जुन्या फाइली काढून अशा पेशंटचे वाया गेलेले महिने परत द्यायला लावले. सव्वा वर्षात १४ हजारांहून जास्त लोकांच्या तारखा मागे नेल्या गेल्या. पेशंटनं अर्ज करावा असं नव्हतं, फाइल रुग्णालयानंच शोधायची होती. आपल्याकडे वर्णाचा प्रश्न नाही, पण भिजलेल्या पिशवीचा आहे.

या सगळ्याचा दात्यांशीही संबंध आहे. आपल्या देशात दर दहा लाख लोकांमागे मरणोत्तर अवयवदाता एकही पुरता भरत नाही. दुचाकीवरून पडलेला मुलगा, अचानक मेंदूत रक्तस्राव झालेली आई, अशा घरांतली माणसं आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर बसून हो म्हणतात. ती घरं बहुतेक साधीच असतात. आपल्या माणसाची किडनी कोणाला गेली हे त्यांना कळत नाही, कळूही नये. पण आपल्यासारख्या घरातल्या कुणाला तरी ती जाऊ शकते, एवढी खात्री त्यांना असली पाहिजे. २०२२ मध्ये पुण्यात पैशांचं आमिष दाखवून एका बाईला खोटी बायको बनवून तिची किडनी घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं. त्यानंतर कितीतरी दिवस पेशंटचे नातेवाईक आम्हाला विचारायचे, "कॅडॅव्हरमध्ये पण असंच चालतं का?" मी नाही म्हणायचे. दाखवायला माझ्याकडे आकडे असते, तर आणखी ठामपणे म्हटलं असतं.

काकांचं नाव आता यादीत आहे, दोन वर्षांच्या महिन्यांवर. त्यांच्या मुलाला घेऊन मी त्या पहिल्या दवाखान्यात जाऊन आले. जुनं रजिस्टर माळ्यावर सापडलं. नाव आहे, तारीख आहे, शिक्का नाही. ते पान ग्राह्य धरायचं की नाही, हे तुम्हीच सांगू शकता.

त्याशिवाय माझ्या तीन शिफ्टमधल्या ज्या पेशंटची नावं यादीत नाहीत, त्यांची एक वही मी केली आहे. नाव, रक्तगट, डायलिसिस कधी सुरू झालं आणि नाव का नाही, त्याचं त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण. पेशंटना विचारूनच लिहिलं आहे. मला गुरुवारी सुट्टी असते. वेळ कळवलीत तर ती वही आणि रजिस्टरचं ते पान घेऊन येते.

आपली,
एक डायलिसिस टेक्निशियन,
पुणे